'आय ॲम सॅम'चा साऊंडट्रॅक : बीटल्सची गाणी, पण बीटल्सशिवाय

उलटी_कॅसेट | शुक्रवार, रात्री ११:५२

बरेच दिवस हा धागा काढायचा मनात होतं, आज पाऊस पडतोय, घरात सगळे झोपलेत आणि हेडफोन सापडलाय, तेव्हा लिहूनच टाकतो. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आधी कबुली. मी बीटल्स (साठच्या दशकातला इंग्लंडचा चौघांचा बॅंड) उलट्या बाजूने ऐकले. म्हणजे २००३ साली पुण्यात हॉस्टेलवर असताना रूममेटनं एक एमपीथ्रीची सीडी दिली, वर मार्करनं नुसतं 'बीटल्स' लिहिलेलं. मी वर्षभर ती घासली. 'यू हॅव गॉट टू हाइड युअर लव्ह अवे' हे गाणं तर इतकं डोक्यात बसलं की परीक्षेच्या काळात रोज रात्री झोपायच्या आधी तेच. आणि मी छातीठोकपणे लोकांना सांगायचो की बीटल्सच्या जॉन लेननचा आवाज काय खर्जातला आहे राव. पुढे एकदा एका मित्राच्या घरी खरं गाणं लागलं आणि मी म्हटलं हे कोण गातंय, कव्हर आहे का, म्हणजे दुसऱ्या कुणी गायलेलं? तो माझ्याकडे असा बघत राहिला की मी त्याच्या आजोबांना वय विचारलंय.

तर ती सीडी म्हणजे बीटल्स नव्हतेच. तो 'आय ॲम सॅम' या पिक्चरचा साऊंडट्रॅक होता, आणि लेनन समजून मी ज्याला वर्षभर ऐकलं तो पर्ल जॅम या अमेरिकन बॅंडचा गायक एडी वेडर.

पिक्चर बघितला नसेल त्यांच्यासाठी : २००१ चा, दिग्दर्शिका जेसी नेल्सन, शॉन पेन. सॅम हा बौद्धिकदृष्ट्या लहान मुलाएवढा बाप, कॉफीच्या दुकानात कामाला, आणि बीटल्सचा वेडा. इतका की मुलीचं नाव लूसी डायमंड ठेवतो. मुलगी सात वर्षांची होते, म्हणजे अकलेनं बापाच्या पुढे जायला लागते, आणि मग सरकार म्हणतं की हिला तुझ्याकडे ठेवता येणार नाही. पुढे कोर्ट, मिशेल फायफर वकील, रडारड. समीक्षकांनी पिक्चरला बराच झोडपला होता आणि खरं सांगायचं तर गूळ जरा जास्तच आहे त्यात. शॉन पेनला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं, पण त्या वर्षी बाहुली डेन्झेल वॉशिंग्टननं नेली. छोटी डकोटा फॅनिंग मात्र कमाल.

पण मला बोलायचंय गाण्यांबद्दल. सॅम उठता बसता बीटल्सचे दाखले देतो, त्यामुळे पिक्चरमध्ये बीटल्स हवेतच. मूळ रेकॉर्डिंग वापरायचं ठरलेलं, पण हक्क मिळेनात. मग १७ वेगवेगळ्या कलाकारांकडून १७ गाणी नव्याने गाऊन घेतली. मला हे कळलं तेव्हा वाटलं, ठीक आहे, जुगाड. पण पुढची गोष्ट वाचली आणि मी परत सगळी गाणी काढून ऐकायला बसलो. ती अशी की दृश्यं आधीच मूळ गाण्यांच्या हिशोबाने बसवलेली होती, म्हणून या सगळ्यांना मूळ गाण्याच्याच लयीत गायला सांगितलं. म्हणजे गळा तुझा, गिटार तुझी, पण घड्याळ त्यांचं!

तुम्ही विचार करा, कव्हर करताना माणूस सगळ्यात आधी काय करतो? लय बदलतो. जलद गाणं संथ करतो की झालं, 'काय इमोशनल केलंय' म्हणून लोक माना डोलावतात. युट्यूबवरची निम्मी 'अनप्लग्ड' दुकानं त्याच्यावर चालतात. इथे नेमकं तेच हत्यार काढून घेतलंय. आता दाखव काय दाखवतोस ते.

आणि त्यात कोण तरतं, कोण बुडतं ते ऐकायला मला फार मजा आली. वेडर तरतो. सारा मॅक्लॉक्लनचं 'ब्लॅकबर्ड' तरतं. निक केव्हचं 'लेट इट बी' म्हणजे मध्यरात्री कुणीतरी दार वाजवून हलक्या आवाजात बातमी सांगावी तसं. बेन हार्परचं 'स्ट्रॉबेरी फील्ड्स' मला फिकं वाटलं. ब्लॅक क्रोज 'लूसी इन द स्काय' बरं गातात, पण का गातायत ते कळत नाही.

तुम्हाला कोणतं आवडतं? आणि ज्यांना कव्हर प्रकारच पटत नाही त्यांनीही या, भांडायला कुणीतरी पाहिजेच.

---

ओली_भेळ | शुक्रवार, रात्री ११:५८

रुमाल टाकून ठेवते. उद्या सविस्तर.

---

फक्त_वाचक | शनिवार, सकाळी ७:१०

कव्हर म्हणजे उष्टं. मूळ गाणी उपलब्ध असताना ही कशाला ऐकायची हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. लेख चांगला आहे.

---

एडिसनचे_नाना | शनिवार, सकाळी ७:४४

वाचक यांना +१. पोरांनो, आम्ही हे सगळं आधी बघून बसलोय. १९७८ साली बीटल्सच्या 'सार्जंट पेपर' अल्बमवर पिक्चर काढला होता, पीटर फ्रॅम्प्टन आणि बी जीज, बॅंडचे कपडे घालून. जॉर्ज मार्टिन स्वतः संगीताला, म्हणजे बीटल्सचाच निर्माता! तरी पडला. रेकॉर्ड लाखांनी दुकानात गेल्या आणि तशाच परत आल्या. त्यातल्या दोन गोष्टी टिकल्या, एरोस्मिथचं 'कम टुगेदर' आणि अर्थ विंड अँड फायरचं 'गॉट टू गेट यू इनटू माय लाइफ'. बाकी सगळं विसरण्यासारखं, आणि मी विसरलोही.

त्याच्याही आधी १९७६ ला अजून एक अचाट प्रकार, 'ऑल धिस अँड वर्ल्ड वॉर टू'. दुसऱ्या महायुद्धाच्या बातमीपटांवर बीटल्सची गाणी, आणि तीही दुसऱ्यांनी गायलेली. विमानं बॉम्ब टाकतायत आणि मागे बी जीज. मी थट्टा करत नाहीये. रॉड स्टुअर्ट, टीना टर्नर, एल्टन जॉन सगळे आहेत त्यात. पीटर गॅब्रिएलनं जेनेसिस हा बॅंड सोडल्यावर सगळ्यात आधी बाहेर आलेलं गाणं म्हणजे त्यातलं 'स्ट्रॉबेरी फील्ड्स'. माझ्याकडे एलपी आहे. इथे न्यू जर्सीत एका गॅरेज सेलमध्ये उचलली, दोन डॉलरला. ही म्हणते दोन डॉलर जास्तच दिलेत.

मुद्दा काय, मूळ म्हणजे मूळ. त्या चौघांनी जे केलं ते एकदाच होणार होतं, झालं. त्याची लय घेऊन दुसऱ्यानं गायचं म्हणजे वडिलांचा कोट घालून लग्नाला जाणं. खांदे कुठेतरी लोंबणारच.

---

उलटी_कॅसेट | शनिवार, सकाळी ९:०५

नाना, कोटाची उपमा जाम आवडली. पण वडिलांचा कोट काही जणांना वडिलांपेक्षा चांगला बसतो हो. आमच्या घरातच उदाहरण आहे (मी नव्हे, धाकटा).

---

टाइमलाइन_ताई | शनिवार, सकाळी ११:३०

माझ्या धंद्यातला विषय निघालाय म्हणून लॉगिन झाले, नाहीतर मी नुसती वाचून जाते.

मी एडिटर आहे, मालिका आणि जाहिराती. उलट्याने लिहिलंय ते आम्ही रोज भोगतो. एडिटला बसताना अजून गाणं तयार नसतं, मग टेबलावर आम्ही कुठलंतरी आवडीचं गाणं तात्पुरतं टाकतो, त्याला टेम्प म्हणतात. मग काय होतं, सगळे कट त्याच्या ठेक्यावर पडायला लागतात. नायिका वळते ती समेवर, दार बंद होतं ते ढोलाच्या ठोक्यावर. ठरवून नाही हां, हात आपोआप तसा पडतो. महिनाभर ते ऐकून दिग्दर्शक त्या गाण्याच्या प्रेमात पडलेला असतो, आणि मग शेवटी प्रॉडक्शनवाला येऊन शांतपणे सांगतो की या गाण्याचे पैसे आपल्याला परवडणार नाहीत. त्या दिवशी एडिट रूममध्ये जे तोंड असतं ना सगळ्यांचं, सुतकच.

मग संगीतकाराला सांगायचं, 'अगदी असंच पण वेगळं दे.' या एका वाक्यापायी किती संगीतकारांचे केस गेले असतील. मी स्वतः एका जाहिरातीला तीन वेळा नवं गाणं लावलं आणि प्रत्येक वेळी क्लायंट म्हणाला आधीचं बरं होतं, आधीचं म्हणजे जे आम्ही घेऊच शकत नव्हतो ते.

त्यामुळे माझ्या मते या साऊंडट्रॅकवाल्यांनी सगळ्यात शहाणा मार्ग काढला. 'असंच पण वेगळं' न मागता 'तेच, पण तुझ्या गळ्यातून' मागितलं. गाणं तेच असल्यामुळे कडवं कधी संपणार, मुखडा कधी येणार हे सगळं जागच्या जागी राहतं, कट हलवावे लागत नाहीत. वेड लागलं असतं नाहीतर त्या एडिटरला.

आणि एक, पिक्चरमध्ये फुगे घेऊन सगळे मित्र रस्ता ओलांडतात तो शॉट आठवतोय? बीटल्सच्या 'ॲबी रोड' अल्बमवरच्या फोटोसारखा. एक वेळ गाण्याचा आवाज मिळाला नाही तर चालेल, पण ते चित्र बघून मागे बीटल्सचं गाणं सोडून दुसरं काही वाजलं तर प्रेक्षक उठून जाईल.

---

ओली_भेळ | शनिवार, दुपारी १२:१५

ताई भारी प्रतिसाद. पण मला एक बेसिक शंका आहे, हसू नका. बीटल्सचं गाणं वापरायला परवानगी नाही मिळाली, मग तेच गाणं दुसऱ्यानं गायलेलं कसं काय चाललं? ते पण बीटल्सचंच ना?

---

कलम_बावन्न | शनिवार, दुपारी १:४०

शंका अजिबात हसण्यासारखी नाही, माझे निम्मे अशील इथेच अडकतात.

एका गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे रचना : शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे ध्वनिमुद्रण : त्या दिवशी त्या स्टुडिओत टेपवर जे उतरलं ते. घर आणि घराचा फोटो समजा. मालक वेगवेगळे असू शकतात.

बीटल्सच्या बाबतीत त्या काळात रेकॉर्डिंग ईएमआय ही रेकॉर्ड कंपनी आणि ॲपल (बीटल्सची स्वतःची कंपनी, फोनवाली नव्हे) यांच्याकडे, आणि लेनन-मॅकार्टनी या बॅंडमधल्या गाणी रचणाऱ्या जोडीच्या बहुतेक रचनांचे हक्क सोनी एटीव्ही या प्रकाशक कंपनीकडे. हे एटीव्ही म्हणजे तेच, जे मायकल जॅक्सननं १९८५ ला ४ कोटी ७५ लाख डॉलरला विकत घेतलं आणि मॅकार्टनी त्याच्यावर कायमचा नाराज झाला. १९९५ ला ते सोनीबरोबर भागीदारीत गेलं. म्हणजे पिक्चर आला तेव्हा 'ब्लॅकबर्ड' कुणालाही पिक्चरमध्ये गायचं असेल तर त्यातला वाटा जॅक्सनच्या खिशात. मॅकार्टनीला हे सुचलं तेव्हा जॅक्सन शाळेत होता.

तर प्रकाशक परवानगी द्यायला तयार असतो, त्याचा तो धंदाच आहे. रेकॉर्डिंगवाले मात्र लोखंडी पेटीवर बसलेले. १९८७ ला एका बूट कंपनीनं जाहिरातीत 'रेव्होल्यूशन'चं मूळ रेकॉर्डिंग वापरलं, तर ॲपलनं थेट कोर्टात खेचलं. २०१२ ला 'मॅड मेन' मालिकेत 'टुमॉरो नेव्हर नोज'चं मूळ रेकॉर्डिंग थोडंसं वाजलं, त्याला सुमारे अडीच लाख डॉलर मोजल्याच्या बातम्या होत्या. एका भागातल्या एका गाण्याचे! मग १७ गाणी म्हणजे विचार करा. म्हणून घर भाड्यानं घेतलं आणि फोटो स्वतःचा काढला.

अवांतर : आपल्याकडे हे सगळ्यांनी पाहिलंय, फक्त नाव माहीत नव्हतं. नव्वदच्या आसपास कॅसेटच्या दुकानात रफी, किशोर, मुकेशची गाणी नव्या गायकांच्या आवाजात निम्म्या किमतीला मिळायची ना? ती कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधल्या एका पोटकलमाच्या जोरावर. मूळ रेकॉर्ड येऊन दोन वर्षं झाली, नोटीस दिली, रॉयल्टी भरली की तुम्ही 'व्हर्शन' काढायला मोकळे. २०१२ च्या दुरुस्तीत ते दोनाचे पाच वर्षं झाले आणि कलम ३१-सी मध्ये गेलं. माझ्या आयडीचं रहस्य आता कळलं असेलच.

---

मडगांवचो_पाव | शनिवार, दुपारी ३:२०

उष्टं म्हणणाऱ्यांसाठी. माझे मामा साठ-सत्तरच्या दशकात मुंबईत हॉटेलांत बॅंडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे, आमच्या गावातून असे बरेच जण गेलेले. रोज रात्री चार तास दुसऱ्यांचीच गाणी. बीटल्स, क्लिफ, एल्विस, गिऱ्हाईक मागेल ते. रेडिओवर एकदा ऐकायचं, स्वर लिहून काढायचे, दुसऱ्या दिवशी वाजवायचं. मामा म्हणायचे, रेकॉर्ड आमच्याकडे होती कुठे, जे कानात राहिलं ते वाजवायचो, आणि जे नाही राहिलं ते आपलं घालायचो.

मुंबईच्या लोकांनी बीटल्स आधी असेच ऐकले. मूळ कुणी ऐकलं होतं? आणि हिंदी पिक्चरला तर विचारूच नका. १९६५ चा 'जानवर' आठवा, 'देखो अब तो किसी को नहीं है खबर'. 'आय वॉन्ट टू होल्ड युअर हॅंड' आहे ते उघडउघड, शम्मी कपूर नाचतोय. तिथे कसले हक्क आणि कसली परवानगी हो कलमबाब!

मामांचो आवडीचो विषय म्हणजे जॉर्ज. १९६६ ला बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन मुंबईत ताजमध्ये राहून रविशंकरांकडे सतार शिकत होता, लोकांनी ओळखू नये म्हणून मिशी वाढवून. १९६८ च्या जानेवारीत परत आला आणि एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्या वादकांना घेऊन रेकॉर्डिंग केलं, 'द इनर लाइट'चं संगीत तिथलंच. मामा म्हणायचे आम्ही रोज रात्री त्याची गाणी वाजवत होतो आणि तो दिवसा आमच्याच गावात बसून आपली वाजवत होता.

---

उलटी_कॅसेट | शनिवार, संध्याकाळी ५:००

पाव, मामांवर वेगळा धागा काढच, विनंती नाही, आदेश समज.

जॉर्जवरून आठवलं. पिक्चर थेटरात लागायच्या महिनाभर आधी, २९ नोव्हेंबर २००१ ला जॉर्ज गेला. आणि गंमत बघा, या सीडीवरच्या सतराही गाण्यांवर नाव लेनन-मॅकार्टनी. जॉर्जचं एकही नाही. तो बिचारा इथेही तिसराच.

---

तिसरी_तिहाई | शनिवार, रात्री १०:१०

आता मला बोलू द्या. मी तबला वाजवतो, शिकवतो पण, लय हा शब्द दिसला की मला गप्प बसवत नाही.

उलट्या म्हणतो मूळ लयीत गायला सांगितलं. छान. पण माझा प्रश्न आहे की बीटल्सच्या गाण्याची 'मूळ लय' म्हणजे काय? नाना तर म्हणतात मूळ म्हणजे मूळ. कुठलं मूळ नाना?

'ॲक्रॉस द युनिव्हर्स' घ्या, सीडीवर रुफस वेनराइटनं गायलंय. फेब्रुवारी १९६८ ला रेकॉर्ड केलं, म्हणजे ऋषिकेशला निघायच्या जरा आधी. तरी त्यात 'जय गुरुदेव ॐ' आहे, कारण ऋषिकेशचे महर्षी महेश योगी आधीच भेटलेले. ते पहिल्यांदा बाहेर आलं १९६९ च्या शेवटी, प्राण्यांसाठीच्या एका चॅरिटी रेकॉर्डवर, तेव्हा टेपचा वेग वाढवलेला आणि वर पक्ष्यांची फडफड. मागच्या ओळी गायला स्टुडिओबाहेर उभ्या असलेल्या चाहत्या मुलींपैकी दोघींना आत बोलावलेलं! मग १९७० ला निर्माता फिल स्पेक्टरनं तेच रेकॉर्डिंग घेतलं, वेग कमी केला, व्हायोलिनं आणि कोरस ओतला. आणि २००३ ला 'लेट इट बी... नेकेड' हा अल्बम आला त्यात वेग पुन्हा जागेवर. गाणं एक, टेप एक, लयी तीन. आता रुफसनं कुठल्या लयीशी इमान राखायचं ते सांगा.

'रेव्होल्यूशन'चं तर त्यांनी स्वतःच दोनदा केलं, अल्बमवर संथ, सिंगलवर धावतं. 'हेल्प'बद्दल लेनन नंतर बोललाय की विकलं जावं म्हणून आम्ही ते फार जलद केलं, मला आवडलं नाही. म्हणजे ज्याचं गाणं तोच लयीवर नाराज.

आणि वेडरवाल्या गाण्याबद्दल, ते का तरतं सांगतो. ते सहा मात्रांचं आहे, आपला दादराच समजा, झुलतं. अशा झुलत्या लयीत गाणाऱ्याला ओळीच्या आत मागे-पुढे सरकायला जागा असते, मात्रा न सोडता. ठुमरी गाणाऱ्या बायका दादऱ्यात काय करतात बघा, तबलजी सरळ जातो आणि बाई शब्दाला ओढत ओढत नेमकी समेवर सोडते. वेडर तेच करतो. घड्याळ त्यांचं आहे, पण काट्यांच्या मधली जागा त्याची. 'लूसी'त कडवं तीनात आणि मुखडा चारात, तिथे दर वेळी सांधा बदलतो आणि गाणाऱ्याला आपलं काही करायला उसंतच मिळत नाही. ब्लॅक क्रोज का गातायत ते कळत नाही म्हणालास ना, हे त्याचं उत्तर.

---

ओली_भेळ | शनिवार, रात्री १०:४५

उभं राहून टाळ्या. काट्यांच्या मधली जागा. हे मी चोरणार आहे.

मला 'गोल्डन स्लंबर्स' आवडतं, बेन फोल्ड्सचं. मुलाला झोपवताना लावायचे. आणि ते तर मूळचंच कव्हर आहे म्हणायला हरकत नाही, मॅकार्टनीला वडिलांच्या घरी पियानोवर जुन्या अंगाईचं पुस्तक दिसलं, शब्द टॉमस डेकर नावाच्या नाटककाराचे, १६०३ सालच्या नाटकातले. पॉलला नोटेशन वाचता येत नव्हतं, मग त्यानं शब्द ठेवले आणि चाल आपली लावली. आता फक्त_वाचक यांनी सांगावं उष्टं कुणाचं कोण खातंय :फिदी:

---

फक्त_वाचक | रविवार, सकाळी ७:०५

डेकरचं माहीत नव्हतं. ऐकतो.

---

चिंचपोकळी_फास्ट | रविवार, सकाळी ९:५०

उशिरा आलो. 'आय ॲम सॅम'चा हिंदी अवतार कुणी काढला नाही अजून? २००५ चा 'मैं ऐसा ही हूं', अजय देवगण, सुष्मिता वकील. संगीत हिमेश रेशमिया. बीटल्सच्या जागी हिमेश, पुढे काही लिहीत नाही, दिवे घ्या.

तमिळमध्येही आला २०११ ला, 'दैव तिरुमगळ', विक्रम. तो बरा आहे, पोरगी फार गोड. पण दोन्हीकडे हिरोला बीटल्सचं वेड नाहीच, आणि ते काढलं की सॅमचा कणाच जातो. तो माणूस जगाचे सगळे नियम गाण्यांवरून लावतो हीच तर गंमत होती. आपल्याकडे करायचं तर त्याला पंचमचा नाहीतर दादा कोंडकेंचा वेडा दाखवायला हवा होता. मी तो पिक्चर पहिल्या दिवशी बघितला असता.

---

टाइमलाइन_ताई | रविवार, सकाळी १०:२०

दादा कोंडके!! पहिल्या दिवसाचं तिकीट माझंही काढा.

कव्हरवाल्या साऊंडट्रॅकमध्ये माझं मत विचाराल तर 'द लाइफ ॲक्वॅटिक' (२००४) सगळ्यांच्या वर. बोटीवरचा एक खलाशी नुसती गिटार घेऊन डेव्हिड बोवीची गाणी पोर्तुगीजमध्ये गातो. तो म्हणजे ब्राझीलचा स्यू जॉर्ज. शब्दांचं नीट भाषांतरही केलेलं नाही त्यानं, बरंचसं आपलं आपण घातलंय. बोवी स्वतः खूश झाला होता ते ऐकून. पाव, तुझ्या मामांसारखंच की, जे कानात राहिलं नाही ते आपलं घालायचं.

उलट 'सकर पंच' (२०११). तिथे नायिका एमिली ब्राउनिंगनंच 'स्वीट ड्रीम्स' गायलंय आणि पिक्चरची सुरुवातीची सगळी हकीकत त्या एका गाण्यावर, संवाद नाही. एडिटर म्हणून मी ते शिकवायला वापरते. त्यानंतरचा पिक्चर मात्र तुम्ही तुमच्या जबाबदारीवर बघा.

---

मडगांवचो_पाव | रविवार, सकाळी ११:००

आणि 'ॲक्रॉस द युनिव्हर्स' पिक्चर, २००७ चा? त्यात बरोबर उलटं केलंय, लयीला हात घालायची पूर्ण मुभा. 'आय वॉन्ट टू होल्ड युअर हॅंड' एक मुलगी दुसऱ्या मुलीकडे लांबून बघत इतकं संथ गाते की ते नाचायचं गाणं होतं हेच विसरायला होतं. शम्मी कपूरपासून तिथपर्यंत, एकच गाणं!

---

उलटी_कॅसेट | रविवार, दुपारी १२:१०

हो, आणि ते सुंदरच आहे, म्हणजे माझं 'संथ केलं की झालं' हे वाक्य मागे घ्यावं लागणार असं दिसतंय. घेतो. अर्धं.

तरी मला सॅमची सीडीच जवळची वाटते, का ते तिहाईच्या प्रतिसादानंतर जरा कळायला लागलंय. या लोकांना स्वतःला दाखवायला जागाच थोडी होती. एमी मॅन आणि मायकल पेन 'टू ऑफ अस' गातात. नवरा-बायको आहेत ते, आणि मायकल म्हणजे शॉन पेनचा सख्खा भाऊ. म्हणजे पडद्यावर एक भाऊ, मागे आवाज दुसऱ्याचा. काही नवीन केलेलं नाही त्या गाण्यात, दोघं शेजारी उभे राहून गातायत एवढंच ऐकू येतं.

वॉलफ्लॉवर्सचं पण ऐका, बॉब डिलनचा मुलगा जेकब, लेनन-मॅकार्टनीचं गाणं गातोय. वडिलांच्या कोटाचं म्हणाल तर नाना, याच्यावर दोन घरचे कोट.

---

एडिसनचे_नाना | रविवार, संध्याकाळी ६:३५

तिहाईबुवा, तुमच्या प्रश्नानं माझा रविवार खाल्ला. सकाळपासून सगळ्या रेकॉर्डी काढून बसलोय. 'ॲक्रॉस द युनिव्हर्स'च्या वेगाचं खरं आहे, दोन्ही लावून बघितलं. बरं, मान्य.

पण एक अडचण झाली. 'स्ट्रॉबेरी फील्ड्स'ची जुनी रेकॉर्ड लावली आणि नातवाच्या गिटारचं ट्यूनर ॲप समोर धरलं, म्हटलं बघूया स्वर तरी मूळ आहे ना. तर काटा कुठेच बसेना. पांढरी सहा म्हणावं तर वर, काळी पाच म्हणावं तर खाली. माझ्या टर्नटेबलचा पट्टा ढिला झालाय बहुतेक, पंधरा वर्षं झाली त्याला. म्हणजे इतकी वर्षं मीच चुकीच्या वेगानं ऐकत होतो की काय! नवीन पट्टा मागवलाय, बुधवारी येईल.

---

तिसरी_तिहाई | रविवार, संध्याकाळी ६:५०

नाना थांबा, ऑर्डर रद्द करा!!

पट्टा ठीक आहे तुमचा. ते गाणं तिथेच आहे, पांढरी सहा आणि काळी पाचच्या मध्ये. दोन वेगवेगळी रेकॉर्डिंगं होती, वेगळी लय, वेगळी पट्टी. लेननला एकाची सुरुवात आवडली आणि दुसऱ्याचा शेवट, म्हणाला जोडून टाका. जॉर्ज मार्टिन म्हणाला अरे पट्टी वेगळी, लय वेगळी, कसं जोडू? मग एकाचा वेग थोडा वाढवला, दुसऱ्याचा कमी केला आणि मधे कुठेतरी दोघं भेटले. साधारण एका मिनिटाला सांधा आहे, एकदा ऐकू आला की मग कायम येतो.

---

एडिसनचे_नाना | रविवार, संध्याकाळी ७:२०

आला ऐकू. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

पट्टा येऊ दे, रद्द होत नाहीये.

---

ओली_भेळ | रविवार, संध्याकाळी ७:२४

नाना, आता बेन हार्परचं लावा. तो कुठल्या पट्टीत गातो ते ॲप लावून सांगा, उलट्याला फिकं का वाटलं ते बघूया.

---

एडिसनचे_नाना | रविवार, संध्याकाळी ७:३१

माझ्याकडे नाही ती सीडी. लिंक पाठवा कुणीतरी.